अस्थानी लाला-अर्बुदे : एका नावाचा इतिहास

लाला ग्रंथी म्हटले की गालगुंडांत सुजणारी कानाच्या पाळीखालची ग्रंथी प्रथम डोळ्यांपुढे येते. ही अनुकर्ण ग्रंथी, जबड्याखालची अधोहनु ग्रंथी व जिभेखालची अधोजिव्हा ग्रंथी या तीन मोठ्या जोड्या होत. त्यांखेरीज ओठ, गाल, टाळू, नाक व घसा यांच्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. लाला ग्रंथींची बहुतेक सौम्य अर्बुदे अनुकर्ण ग्रंथीतच उद्भवतात. ती मानेतील लसीका ग्रंथीत किंवा नाकाच्या पडद्यावर आढळली म्हणजे मात्र वैद्य गोंधळात पडतो. गाठ कोठे सापडली यावरून ती कशाची हे ठरविण्याची सवय विकृतिविज्ञानास दीर्घकाळ जडली होती, असे या विषयाचे जुने वाङ्मय चाळताना दिसून येते. ‘वार्थिनचे अर्बुद’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या गाठीचा वृत्तांत या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

मानेतील जन्मजात पुटींवरील आपल्या लेखात हिल्डेब्रांड या जर्मन शल्यवैद्याने 1895 साली अशा गाठीचे वर्णन केले. गाठ मानेत, आणि तीत द्रव. तेव्हा ती जन्मजात पुटीचीच एक जात होय, असे त्याने मानले. त्यास दोष देणे योग्य होणार नाही. माशाच्या कल्ल्यांची आठवण करून देणाऱ्या ज्या खाचा मानवी भ्रूणाच्या मानेत दिसतात, त्यांच्या अवशेषांवरून मानेतील बहुतेक गाठींचा उलगडा करण्याचा तो काळ होता.

उलगड्याची खरी किल्ली मात्र तीनच वर्षांनी हाती आली होती. लसीका ग्रंथींच्या आत अनुकर्ण ग्रंथीचे लहान लहान खंड गुंतलेले असतात, हे नाइसे याने 1898 मध्ये दाखवून दिले. यामागील कारण भ्रूणविज्ञानात सापडते. अनुकर्ण ग्रंथीचा अंकुर भ्रूणात लवकर फुटतो, परंतु तिच्याभोवती वेष्टण तयार होते ते इतर मोठ्या ग्रंथींच्या मागाहून. तोवर लसीका-ऊतक त्याच जागी जमू लागलेले असते. शेताला बांध पडण्यापूर्वीच दोन पिकांचे बी एकमेकांत मिसळावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे लाला ग्रंथीच्या पोटात लसीका ग्रंथी आणि लसीका ग्रंथीच्या पोटात लाला ग्रंथीचे कण, अशी दुहेरी सरमिसळ राहते. अधोहनु ग्रंथीला वेष्टण लवकर मिळते. म्हणूनच ही गाठ तिच्यात क्वचितच आढळते. अल्ब्रेख्ट आणि आर्ट्स्ट यांनी 1910 साली लसीका ग्रंथींतील या अर्बुदांवर लेख लिहिला व त्यांचा संबंध अस्थानी राहिलेल्या ऊतकाशी जोडला.

एवढे झाल्यावर 1929 साली मिशिगन विद्यापीठातील ऑल्ड्रेड स्कॉट वार्थिन यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. गाठीचा उगम घसा व कान यांना जोडणाऱ्या नलिकेच्या भरकटलेल्या अस्तरात असावा, असे त्यांचे मत होते. ते टिकले नाही. असे असूनही 1944 साली मार्टिन व एलिस यांनी गाठीला नाव दिले ते वार्थिन यांचेच! एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या कर्करोगावरील त्यांचे 1913 चे संशोधन कितीतरी अधिक मोलाचे. तथापि सामान्य वैद्यकीय विद्यार्थी त्यांना या दोन गाठींवरूनच ओळखतो.

या वादाचे मोल रुग्णालाच चुकवावे लागते. लसीका ग्रंथीत ग्रंथिल पेशी दिसल्या की, कोठून तरी पसरलेला कर्करोग आहे, अशी पहिली शंका येते. नाइसेचे निरीक्षण ज्यास ठाऊक नाही, तो निरुपद्रवी कणांसाठी मोठी शस्त्रक्रिया सुचवील. उलट दिशेची चूकही तितकीच घातक ठरते. प्रौढ माणसाच्या मानेतील पुटी ‘जन्मजात’ म्हणून सोडून दिली, तर तीत दडलेला कर्करोग निसटून जातो.

मिश्र अर्बुदाची गोष्ट निराळी. त्यास ‘बहुरूपी ग्रंथ्यर्बुद’ या अर्थाचे नाव विलिस यांनी 1948 मध्ये रूढ केले. अनुकर्ण ग्रंथीच्या खोल भागातील ही गाठ जबड्याच्या हाडामागील अरुंद फटीतून आत शिरते आणि घशात टॉन्सिलच्या बाजूला फुगवटा आणते. मध्ये आवळलेल्या या डमरूसारख्या गाठींची मीमांसा पेटी व थॅकरे यांनी 1957 साली केली. तोंडातून दिसणारा फुगवटाच तेवढा कोरून काढावा, तर गाठीचे वेष्टण फाटते, तिचे कण आसपास सांडतात आणि काही वर्षांनी एकीच्या जागी अनेक गाठी उगवतात.

नाकात तर स्थळाचा तर्क पुरताच उलटा पडतो. लहान ग्रंथी बाजूच्या भिंतीत अधिक, पण मिश्र अर्बुदे मधल्या पडद्यावर अधिक; 1977 साली कोंपान्यो व वोंग यांनी अभ्यासलेल्या 40 रुग्णांतही तसेच दिसले. भ्रूणावस्थेतच लोपणाऱ्या एका घ्राणेंद्रियाच्या अवशेषांकडे कोणी बोट दाखविले आहे, परंतु ते मला पटत नाही. पडद्यावर ग्रंथी कमी असल्या तरी आहेतच.

वार्थिनच्या गाठीविषयीचा वादही अजून मिटलेला नाही. धूम्रपानाशी तिचा निकट संबंध आता सर्वमान्य आहे. एके काळी ती जवळजवळ पुरुषांचीच समजली जाई. स्त्रियांत धूम्रपान वाढले तसतसे हे अंतर घटत गेले. 2000 साली जपानी संशोधकांनी तिच्यातील अधिस्तर पेशी तपासल्या, तेव्हा त्या खऱ्या अर्बुदाप्रमाणे एकाच मूळ पेशीच्या संततीतील नसल्याचे आढळले. स्थळावरून दिलेले ‘मानेतील पुटी’ हे नाव मागेच गळून पडले होते. आता ‘अर्बुद’ या शब्दाविषयीही शंका उपस्थित झाली आहे.