खानावळवालीची वही

आपल्यापैकी कितीतरी जणींचे आजे मुंबईच्या गिरणीत होते. सातारा, कोल्हापूर, कोकणातून गेलेली ही माणसं लालबाग-परळला एकाच खोलीत पाळीपाळीने झोपायची आणि जेवायची खानावळीत. ती चालवायची बाई. पगार होईपर्यंत सगळं उधारीवर, तोवर तिच्या मानेवर वाणी आणि सावकार. त्या व्याजातून सुटायला १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधी, बरं का!

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, बरेच गावी परतले. वहीतली उधारी कुणाकडे मागायची? पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनीला मात्र सोन्याचा भाव आला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेत मॉल झाला. शहर सावरलं म्हणतात. आम्हाला ते अर्धंच पटतं. कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या. अर्जाला गिरणीत काम केल्याचा पुरावा लागतो. खानावळवालीचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं.