खाजकुइली, व्हाया सर्पगंधा

पावसाळा सरला की सह्याद्रीच्या रानात खाजकुइलीच्या शेंगा लोंबू लागतात. त्यांची तपकिरी लव अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो, म्हणून तिच्या वाटेला कोणी जात नाही. आयुर्वेदाने मात्र या कपिकच्छूच्या बियांना वाजीकरणात आणि वातविकारांत मान दिला. तरी कंपवातावरचं तिचं आजचं नाव ग्रंथांतून सरळ चालत आलेलं नाही. ते स्वित्झर्लंडच्या बाझेलवरून फिरून आलं.

तिथे 1913 मध्ये मार्कस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून एल-डोपा नावाचं द्रव्य वेगळं काढलं. अडीच ग्रॅम स्वतःच खाऊन पाहिलं आणि त्यांना उलट्या झाल्या. पदार्थ बाजूला पडला. 1937 मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तोच खाजकुइलीच्या बियांत दाखवला, पण त्याचं करायचं काय, हे कोणालाच सुचलं नाही.

सुचलं ते सर्पगंधेमुळे. तिचं मूळ रक्तदाबावर चालतं, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं. 1952 मध्ये, पुन्हा बाझेललाच, तिच्यातलं रेसरपीन हाती आलं. मेंदूतला डोपामीनचा साठा रिकामा करणारं हे द्रव्य, आणि डोपामीन मेंदूत बनतं ते डोपापासूनच. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये ते देऊन ससे निपचित पाडले, मग डोपा टोचलं, आणि ससे हिंडू-फिरू लागले! 1960 मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीनच उणं असल्याचं दिसलं. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोटझियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत तोंडाने दिली. गुगेनहाइमना आडवी आलेली ओकारी अशी बरीचशी आवाक्यात आली.

इतक्या वळणांनंतर 1978 मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खाजकुइलीची भुकटीच रुग्णांवर वापरून त्याचा अहवाल छापला. 2004 मध्ये लंडनमध्ये 8 रुग्णांवर तुलना झाली. 30 ग्रॅम भुकटीचा गुण डोपाच्या नेहमीच्या गोळीपेक्षा सुमारे अर्धा तास आधी आला. आठच रुग्ण, हे विसरू नये.

हल्ली ही भुकटी ‘मेंदूचं रक्षण करणारी’ म्हणून विकतात, ते मला पटत नाही. तसे प्रयोग उंदरांवर आहेत. माणसात ती उणं पडलेलं डोपामीन भरून देते. मरणाऱ्या पेशी ती वाचवते, याचा पुरावा नाही. शिवाय बियांतलं डोपा वाण आणि जमीन यांप्रमाणे कमी-जास्त होतं. डॉक्टरांना न सांगता गोळ्यांच्या जोडीला ती घेणाऱ्याचे हातपाय आवरेनासे होऊ शकतात.