दोन बादल्या पाणी आणि एक डुक्कर

साल १९४३. तुम्ही तुवालूच्या फुनाफुटी बेटावर आहात. चारी बाजूंना पॅसिफिक आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. जपान्यांशी लढणारं अमेरिकी सैन्य धावपट्टी बांधतंय आणि भराव इथलाच खणून काढतंय. पुढे युद्ध संपेल, सैनिक जातील, खड्डे राहतील. त्या मचूळ डबक्यांच्या काठाने लोक घरं बांधतील, डुकरांचे गोठेही. डुकराशिवाय इथे लग्नाची पंगत शोभत नाही.

आता २०११चा ऑक्टोबर. ‘ला निना’मुळे पाऊस रुसलाय, आणीबाणी जाहीर झालीय. बेटावर नदी नाही, ओढा नाही. सगळी मदार छपरावरून पन्हळीतून टाकीत पडणाऱ्या पावसावर, आणि टाकी खडखडीत. घरटी दिवसाला ४० लिटर, म्हणजे दोन बादल्या. त्यात स्वयंपाक, पिणं, पोरांची अंघोळ. मागे डुक्कर ओरडतंय. त्याला पाजायचं, की त्याच्याखालचं सिमेंट धुवायचं? नाही धुतलं तर माश्या. धुतलं तर घाण झिरपते, कारण प्रवाळाची जमीन म्हणजे चाळणीच. मोठं उधाण आलं की समुद्र पायाखालूनही वर येतो आणि ती घाण अंगणभर करतो.

आणखी काही वर्षं पुढे या. न्यूझीलंडच्या मदतीने २०१५मध्ये ते खड्डे वाळूने बुजवले गेलेत. काही गोठ्यांत आता धुणंच बंद आहे. नाकाला रुमाल लावून आत जाता, तर वास येतो ओल्या पालापाचोळ्याचा. उतरत्या जमिनीवर बारीक केलेल्या फांद्या, पाला आणि नारळाच्या सोडणांचा जाड थर. मूत त्यात मुरतं. डुक्कर दिवसभर उकरतं, तुडवतं आणि सगळं हळूहळू उताराला सरकवतं. पाणी लागतं ते फक्त त्याला प्यायला. कोकणात माडाच्या आळ्यात ओल धरायला जे सोडणं पुरतात, त्यांना यात नवल वाटायचं नाही.

फुकट मात्र काही नाही. फांद्या बारीक करायला यंत्र हवं, यंत्राला इंधन, आणि इंधन येतं जहाजाने. नवा थर टाकायचा आळस केला की गोठ्याचा चिखल. तरी मला हा उपाय पटतो, कारण तो डुकरं कमी करायला सांगत नाही.

खालच्या टोकाला ढीग साचलाय. तो कुजला की त्याचं खत होईल. वाळूच्या बेटावर भाजीला दुसरी माती आणायची कुठून? गोठ्याची मालकीण तुमच्या हातात फावडं देते. ढीग उलटायचा राहिलाय.