सरकारी खात्याने कारखाना काढावा का? मद्रासच्या उद्योग खात्याची कहाणी

१/ जुलै १९१०. भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांचा एक खलिता लंडनहून मद्रासकडे निघाला. मद्रास इलाख्यात जेमतेम दोन वर्षांपूर्वी आकाराला आलेले उद्योग खाते त्या खलित्याने गुंडाळावे लागले. त्यावर अफरातफरीचा आरोप नव्हता. आक्षेप इतकाच होता की, सरकार व्यापाऱ्याच्या क्षेत्रात उतरले. त्या आक्षेपामागची ही गोष्ट.

२/ पार्श्वभूमी दुष्काळाची आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दक्षिण भारत होरपळून निघाला. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये निदान केले की, जवळजवळ सारी प्रजा एकट्या शेतीवर अवलंबून आहे, म्हणून पाऊस चुकला की मजुरी बुडते आणि मजुरी बुडाली की अन्नही. शेतीखेरीज अन्य धंदे वाढवणे हा त्यावरचा उपाय होता. पण ते वाढवायचे कोणी?

३/ ब्रिटिश राज्यकर्त्यांचे उत्तर ठरलेले होते : खुला व्यापार. सरकारने रस्ते, रेल्वे, न्यायालये द्यावीत. धंद्याचे व्यापारी पाहतील. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात या मताला तात्त्विक आव्हान दिले. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम भारताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत आणि उद्योगांच्या उभारणीत राज्यसंस्थेला कर्तव्य आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. तो व्यवहारात आणण्याचा एक मोठा प्रयोग मात्र मद्रासमध्ये झाला आणि तो केला एका इंग्रज अभियंत्याने.

४/ आल्फ्रेड चॅटर्टन १८८८ मध्ये मद्रासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून आले. पुढे त्यांचे लक्ष तेथील कलाशाळेच्या कार्यशाळांकडे वळले. १८९८ मध्ये त्यांनी तेथे अ‍ॅल्युमिनिअमची भांडी घडवण्याचा प्रयोग सुरू केला. धातू परदेशी होता, पण हात इथल्याच कारागिरांचे होते. तांब्यापितळेची ठोकणी जाणणाऱ्यांना हा नवा धातू फार परका वाटला नाही. भांडे हलके होते आणि त्याला कल्हई लागत नव्हती.

५/ प्रयोग यशस्वी झाल्यावर जे घडले, ते अधिक महत्त्वाचे. १९०३ मध्ये हा चालता धंदा इंडियन अ‍ॅल्युमिनिअम कंपनी या खासगी कंपनीकडे सोपवण्यात आला. चॅटर्टन यांच्या पद्धतीचा गाभा हाच होता. जो धंदा अजून कोणी करून पाहिलेला नाही, त्याचा पहिला धोका सरकारने पत्करावा. तो चालतो हे हिशेबाने दाखवावे. मग तो भांडवलदाराच्या हाती देऊन आपण दूर व्हावे.

६/ दुसरा प्रयोग कातड्याचा. तरवडाच्या सालीने कमावलेल्या मद्रासच्या कातड्याला परदेशात मोठी मागणी होती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत क्रोम क्षार वापरून कातडी कमावण्याची नवी रीत रूढ झाली. तिथल्या कारखान्यांना कच्चेच कातडे हवे होते. परिणामी कच्चा माल बाहेर जाऊ लागला आणि मद्रासच्या चर्मकारांच्या हातचे काम घटू लागले. नवी रीत इथेच शिकून घेणे, हाच त्यावरचा तोड होता.

७/ चॅटर्टन यांनी क्रोम कातड्यासाठी गिऱ्हाईक शोधले ते थेट विहिरीच्या काठावर. मोटेचे चामडे सतत पाण्यात भिजते आणि कुजते. क्रोमने कमावलेले चामडे पाण्याला अधिक दाद देत नाही, म्हणून त्याची मोट जास्त टिकते. एका धंद्याची सुधारणा अशी शेतकऱ्याच्या गरजेला जोडली गेली. त्याच सुमारास तेलावर चालणारी इंजिने लावून विहिरींचे पाणी उपसण्याचे प्रयोगही त्यांनी चालवले होते.

८/ तिसरा प्रयोग विणकरांचा आणि तो मात्र फसला. सेलम येथे हातमागांचा एक सरकारी कारखाना काढण्यात आला. धोटा दोरीच्या झटक्याने फेकणारे सुधारलेले माग तेथे बसवले. मागाविषयी फारशी तक्रार नव्हती. अडचण होती कारखान्याची. घरच्या मागावर बायकामुलांच्या मदतीने, आपल्या वेळेने काम करणाऱ्या विणकराला ठरावीक तासांची हजेरी मानवली नाही. यंत्र स्वीकारले जाते, पण जगण्याची घडी सहज बदलत नाही, हा धडा सेलमने दिला.

९/ सप्टेंबर १९०८ मध्ये उटकमंड येथे मद्रास सरकारने औद्योगिक परिषद भरवली. सुटे प्रयोग पुरेसे नाहीत, त्यांच्यासाठी स्वतंत्र खाते आणि संचालक हवा, अशी शिफारस तेथे झाली आणि सरकारने ती उचलून धरली. खात्याने माहिती गोळा करावी, तांत्रिक सल्ला द्यावा, प्रात्यक्षिके दाखवावीत आणि गरज पडल्यास नवा धंदा स्वतः सुरू करून पाहावा, अशी कल्पना होती.

१०/ याच शेवटच्या कलमावरून वाद पेटला. मद्रासमधील युरोपीय व्यापाऱ्यांनी तक्रार केली की, करदात्यांच्या पैशावर चालणारा सरकारी कारखाना खासगी व्यापाऱ्याशी स्पर्धा करतो आणि ती स्पर्धा न्याय्य नाही. सरकारला तोट्याची भीती नसते, व्यापाऱ्याला असते. हा युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नव्हता. सेलमसारखा कारखाना खासगी मालकाचा असता, तर तोटाही त्यालाच सोसावा लागला असता.

११/ मोर्ले यांनी व्यापाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. औद्योगिक शिक्षणावर सरकारने खर्च करावा, सुधारलेल्या पद्धती लोकांना दाखवाव्यात. पण त्यापुढे जाऊन व्यापारी तत्त्वावर कारखाने चालवू नयेत. सेलमचा कारखाना बंद झाला. क्रोम कातड्याचा कारखाना पुढे रेवा संस्थानाने विकत घेतला.

१२/ या निर्णयातील विसंगती पाहण्यासारखी आहे. भारतात रेल्वे बांधणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांना सरकारने भांडवलावर ठरावीक व्याजाची हमी दिली होती. तूट आली तर ती भारताच्या महसुलातून भरली जाई. तेव्हा खुल्या व्यापाराचे तत्त्व आडवे आले नाही. चामड्याची मोट बनवताना मात्र ते आठवले. तत्त्व एकच होते. ते कोणाला लावायचे, हे लंडनमध्ये ठरत होते.

१३/ ब्रिटिश मुलखात बंद झालेली वाट शेजारच्या संस्थानात उघडली. १९१२ मध्ये चॅटर्टन म्हैसूर संस्थानाच्या सेवेत गेले. त्याच वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेथे दिवाण झाले. मुंबई इलाख्यात, विशेषतः पुण्यात, त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. खडकवासला धरणाच्या स्वयंचलित दारांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्राला परिचित होते. १९१३ मध्ये म्हैसूरमध्ये उद्योग व व्यापार खाते सुरू झाले आणि त्याच वर्षी बँक ऑफ म्हैसूरही स्थापन झाली. ज्ञान आणि भांडवल, दोन्हींची सोय एकदमच झाली.

१४/ १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि म्हैसूरच्या चंदनाचा जर्मनीकडे जाणारा मार्ग तुटला. लाकूड पडून राहू लागले. तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने तेल इथेच गाळण्याचे ठरले आणि १९१६ मध्ये चंदनतेलाचा सरकारी कारखाना सुरू झाला. म्हैसूर सँडल साबण ही त्याच उद्योगाची पुढची पायरी. मद्रासमध्ये जे निषिद्ध ठरले, ते म्हैसूरमध्ये राज्याच्या उत्पन्नाचे साधन झाले.

१५/ युद्धाने ब्रिटिशांचेही मत बदलले. जहाजे अडली, आयात आटली आणि भारतात साध्या साध्या वस्तू तयार होत नाहीत, हे लष्कराला जाणवले. मोर्ले यांचे उत्तराधिकारी लॉर्ड क्रू यांनी धोरण आधीच थोडे सैल केले होते आणि १९१४ मध्ये मद्रासचे उद्योग खाते पुन्हा उभे राहिले होते. १९१६ मध्ये सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय औद्योगिक आयोग नेमला गेला. त्याच्या सदस्यांत मदनमोहन मालवीय होते, दोराबजी टाटा होते आणि आल्फ्रेड चॅटर्टनही होते.

१६/ आयोगाने १९१८ मध्ये प्रांतोप्रांती उद्योग खाती असावीत, अशी शिफारस केली. १९१९ च्या सुधारणा कायद्याने उद्योगांचा विकास हा विषय प्रांतांतील भारतीय मंत्र्यांकडे सोपवला. मात्र प्रांताची तिजोरी राखीव खात्यात, म्हणजे गव्हर्नरच्या अखत्यारीतच राहिली. मंत्र्याकडे जबाबदारी आली, पैसा आला नाही. खाते असणे आणि खात्याला बळ असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

१७/ मद्रासची कहाणी यशापयशाच्या साध्या हिशेबात मावत नाही. भांड्यांनी दाखवले की, सरकारने पहिला धोका पत्करला तर खासगी भांडवल मागाहून येते. सेलमने दाखवले की, कारागिराला न विचारता आखलेली योजना चांगल्या यंत्रानेही तरत नाही. आणि खलित्याने दाखवले की, कोणता प्रयोग चालू ठेवायचा आणि कोणता थांबवायचा, हे त्या प्रयोगाचे फळ ज्यांना भोगायचे आहे त्यांच्या हाती नसेल, तर उत्तम खातेही एका पत्राने मोडते. उद्योग खात्यांचा इतिहास वाचताना कारखाने किती निघाले, हे मोजावेच. पण निर्णय कोठे झाला, हे आधी पाहावे.