स्थूल रुग्णाची भूल : श्वासमार्ग सांभाळण्याचे शास्त्र

पूर्ण भूल देताना स्नायू शिथिल करणारे औषध दिले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. त्या क्षणापासून श्वासनलिकेत नळी बसून कृत्रिम श्वास सुरू होईपर्यंत, म्हणजेच इंट्यूबेशन पूर्ण होईपर्यंत, शरीराला मुख्यतः फुप्फुसांत साठलेल्या ऑक्सिजनवर तग धरावा लागतो. आधी पुरेसा ऑक्सिजन दिलेला असेल, तर निरोगी, सडपातळ प्रौढ व्यक्तीला हा साठा सुमारे ८ मिनिटे पुरतो. तीव्र स्थूलता असलेल्या रुग्णात तोच साठा ३ मिनिटांच्या आत संपू शकतो. अशा रुग्णाला भूल देण्यापूर्वीची बरीचशी तयारी ही मोजकी मिनिटे वाढवण्यासाठी असते.

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांनी श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशभरातून वर्षभर नोंद घेऊन २०११ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ‘नॅप-४’ या नावाने तो ओळखला जातो. अशा दुर्घटनांचा धोका स्थूल रुग्णांत दुप्पट, तर तीव्र स्थूलतेत चौपट असल्याचे त्यात आढळले. अपुरी पूर्वतपासणी आणि पहिला उपाय फसल्यास पुढे काय करायचे याचा आधी न केलेला विचार, या उणिवांवर अहवालाने बोट ठेवले.

अडचण कशामुळे?

रुग्ण पाठीवर झोपला की पोटातील चरबीचा भार श्वासपटलाला छातीकडे ढकलतो. फुप्फुसांचा तळभाग दबतो आणि श्वास सोडल्यानंतर आत उरणारी हवा, म्हणजेच ऑक्सिजनची शिल्लक, घटते. दुसरीकडे, वाढलेल्या वजनामुळे शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र अधिक असते. त्यात घशाभोवतीच्या चरबीमुळे भूल लागताच वरचा श्वासमार्ग मिटू लागतो आणि मास्कने श्वास देणे कठीण होते.

वजन जास्त म्हणजे नळी घालणे अवघडच, असा सरसकट निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. पुष्कळ स्थूल रुग्णांत नळी पहिल्याच प्रयत्नात बसते. ती बसली नाही, तर दुसऱ्या प्रयत्नासाठी हाती असलेला वेळ अत्यल्प असतो, हा खरा धोका आहे.

केवळ बीएमआयच्या आकड्यावरूनही अंदाज बांधता येत नाही. दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने स्थूलतेची मर्यादा ३० ऐवजी २७.५ धरली आहे. ती मधुमेह, हृदयविकार यांसारख्या आजारांचा धोका लक्षात घेऊन ठरवलेली आहे. श्वासमार्गाच्या दृष्टीने पोट आणि मान यांभोवती साठलेली चरबी अधिक बोलकी असते.

शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी

भूलतज्ज्ञ तोंड किती उघडते, मान किती मागे जाते, मानेचा घेर किती आहे आणि दातांची स्थिती कशी आहे, हे पाहतात. जीभ बाहेर काढल्यावर घशाचा मागचा भाग कितपत दिसतो, यावरून श्रेणी ठरवण्याची पद्धत बॉस्टनमधील भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपती यांनी १९८५ मध्ये मांडली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हा तितकाच महत्त्वाचा. त्यासाठी ‘स्टॉप-बँग’ ही ८ मुद्द्यांची प्रश्नावली वापरतात. टोरांटोमधील फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली. ५ किंवा अधिक गुण म्हणजे मध्यम ते तीव्र विकाराची दाट शक्यता.

भूल देताना

सपाट झोपवण्याऐवजी डोके, खांदे आणि पाठ यांना चढत्या उताराचा आधार देतात. कानाचे छिद्र आणि छातीच्या मधल्या हाडावरचा खळगा एका आडव्या रेषेत आले, की स्थिती योग्य समजतात. यामुळे फुप्फुसांवरील भार हलका होतो आणि स्वरयंत्रही अधिक चांगले दिसते. मग घट्ट बसणाऱ्या मास्कमधून ऑक्सिजन दिला जातो. सोडलेल्या श्वासातील त्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत घाई करायची नसते. नळी घालत असतानाही नाकावाटे ऑक्सिजनचा वेगवान प्रवाह सुरू ठेवता येतो.

कॅमेरा असलेल्या व्हिडिओ-लॅरिंगोस्कोपमुळे स्वरयंत्र पडद्यावर दिसते. नळी श्वासनलिकेतच गेल्याची खात्री कॅप्नोग्राफीने, म्हणजे सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सलग आलेखाने करतात. आलेख उमटला नाही, तर नळी अन्ननलिकेत गेली असे धरूनच पुढचे पाऊल टाकायचे असते.

डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत चार टप्पे आहेत : श्वासनलिकेत नळी, ती न जमल्यास घशात बसणारे लॅरिंजियल मास्कसारखे साधन, त्यानंतर चेहऱ्यावरील मास्क आणि शेवटी गळ्यावर छेद देऊन थेट श्वासनलिकेत नळी. स्थूल मानेत छेदाची जागा बोटांना सहज लागत नाही. म्हणून धोका दिसत असल्यास अल्ट्रासाउंडने ती आधीच हेरून खूण करता येते. नळी घालणे फारच कठीण जाईल असे वाटल्यास, घसा बधिर करून रुग्ण जागा असतानाच ती बसवण्याचा मार्ग असतो. शस्त्रक्रियेच्या स्वरूपानुसार पाठीतील किंवा नसेजवळील इंजेक्शनने फक्त तेवढाच भाग बधिर करण्याचाही विचार होतो.

भूल उतरताना

नळी बसली म्हणजे धोका सरला असे नाही. औषधांचा अंमल ओसरण्यापूर्वीच ती काढली, तर घसा पुन्हा मिटू शकतो. म्हणून स्नायूंची ताकद यंत्राने मोजून, रुग्ण पूर्ण जागा झाल्यावर आणि त्याला अर्धवट बसवूनच नळी काढतात. अफूवर्गीय वेदनाशामकांमुळे श्वास मंदावू शकतो. त्यामुळे ती शक्य तितकी कमी वापरतात.

रुग्णाने काय सांगावे?

घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानून अनेक घरांत ते हसण्यावारी नेले जाते. भूलतज्ज्ञासाठी मात्र ती मोलाची माहिती असते. झोपेत श्वास थांबत असल्याचे जोडीदाराने पाहिले असेल, तर तेही सांगावे. सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी ते रुग्णालयात सोबत न्यावे. पूर्वी भारतात किंवा अन्यत्र झालेल्या शस्त्रक्रियेत नळी घालताना अडचण आली असल्यास त्याची कागदपत्रे दाखवावीत. आई-वडील परदेशी मुलांकडे आले असतील, तर हे कागद हाताशी असणे विशेष गरजेचे.

वजन घटवण्यासाठी किंवा मधुमेहासाठी घेतली जाणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांसारखी इंजेक्शने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. त्यामुळे उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकते आणि भुलीत ते फुप्फुसांत जाण्याची शक्यता असते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये याबाबत सावध केले. ही इंजेक्शने खासगीरीत्या घेतली असल्यास जीपीच्या नोंदीत नसण्याचा संभव असतो. म्हणून ती न विचारताही सांगावीत, मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना परस्पर बंद करू नयेत.