नाव आपले, कर्ज भलत्याचे!

बोरिवलीतील एखादा नोकरदार गृहकर्जासाठी अर्ज करतो आणि तो नामंजूर होतो. चौकशी केल्यावर कळते, की त्याच्या पॅन क्रमांकावर कोणीतरी वैयक्तिक कर्ज उचलले असून ते थकलेले आहे. त्याच्या खिशातून एक रुपयाही गेलेला नसतो. चोरीला गेलेली असते ती ओळख. सिमकार्डासाठी किंवा भाडेकरारासाठी कधीतरी दिलेली आधार-पॅनची झेरॉक्स अशा कामी येते.

अमेरिकेत ओळखचोरीविरुद्ध प्रत्येक राज्याचा आपापला कायदा आहे. महाराष्ट्राचा तसा स्वतंत्र कायदा नाही. येथे केंद्राचाच कायदा चालतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, मात्र ओळखचोरीचा गुन्हा त्यात आला तो २००८च्या दुरुस्तीने, आणि ही दुरुस्ती अमलात आली २७ ऑक्टोबर २००९ रोजी. कलम ६६ सीनुसार दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड वा ओळख पटविणारी अन्य खूण लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संगणक वा मोबाइलद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास कलम ६६ डी लागते; शिक्षा तेवढीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीस पाच वर्षांपर्यंत कारावास आहे.

खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी गोठविता येते. तेथे खरा प्रश्न तासा-दोन तासांचा असतो. नावावर कर्ज निघाले असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. अशा वेळी हाती हवी ती प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची प्रत. पोलीस ठाण्यात पुष्कळदा ‘एनसी’ नोंदवून किंवा अर्जावर शिक्का मारून बोळवण होते. एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ओळखचोरीचा गुन्हा दखलपात्र (जामीनपात्र असला तरी) असल्याने ती पुरेशी नाही, हे तक्रारदाराने नम्रपणे पण ठामपणे सांगावे. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तरही आता चालत नाही. गुन्हा कोठेही घडला असला तरी शून्य क्रमांकाने नोंदविता येतो आणि प्रत विनामूल्य मिळते. मुंबईत २०२१ मध्ये पाचही प्रादेशिक विभागांसाठी सायबर पोलीस ठाणी सुरू झाली. बोरिवली उत्तर विभागात, अंधेरी पश्चिम विभागात, तर घाटकोपर व मुलुंड पूर्व विभागात मोडतात. नोंद नाकारल्यास पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार करावी. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांचे दार उघडे आहे.

एफआयआरची प्रत जोडून कर्ज देणारी संस्था आणि सिबिलसारखी पतमाहिती कंपनी, दोघांनाही लिहावे. एकीलाच लिहून उपयोग नाही, कारण कर्ज देणाऱ्या संस्थेच्या दुजोऱ्याविना कंपनी नोंद बदलत नाही. तीस दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तरीही काम न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते.

आणखी एक वाट फारशी कोणाला ठाऊक नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात. त्यासाठी चोर सापडण्याची वाट पाहावी लागत नाही. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून बनावट ई-मेलच्या आधारे सुमारे ८० लाख रुपये काढले गेले होते. त्या प्रकरणात या अधिकाऱ्यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ई-मेलला उत्तर देण्याची चूक तक्रारदाराचीही होती, म्हणून पूर्ण रक्कम मिळाली नाही; पण संशयास्पद खाती उघडू देण्यातील बँकेचा हलगर्जीपणाही मोजला गेला.