बॅट, सही आणि लॉर्ड्सची चिमणी

पुण्याच्या सहकारनगरात, राहत्या सोसायट्यांच्या शेजारी, ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं खासगी संग्रहालय आहे. २०१२ साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ते उभारलं रोहन पाटे यांनी. स्वतः वयोगटातलं क्रिकेट खेळलेला हा माणूस, आणि मुळात हौस वस्तू जमवायची. विरारची लोकल, दादरहून पुण्याची गाडी आणि स्वारगेटहून रिक्षा, असं केलं की वसई-विरारच्या क्रिकेटवेड्याची एका दिवसात जाऊन-येऊन वारी होते.

क्रिकेटच्या वस्तू अशा जपून मांडायची रीत तशी इंग्रजांची. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरचं एमसीसी क्लबचं संग्रहालय १९५३ सालचं. ॲशेसचा इवलासा कलश तिथेच आहे, पण मला विचाराल तर तिथला खरा ऐवज म्हणजे पेंढा भरलेली एक चिमणी. जुलै १९३६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाकडून खेळणाऱ्या जहांगीर खानांनी टाकलेला चेंडू तिला लागला, बिचारी मेली, आणि तिला चेंडूसकट जपून ठेवलं गेलं. हे जहांगीर खान म्हणजे १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीत खेळलेले. चिमणीला बाजारात कोण विचारतो? पण सामना कुठला, गोलंदाज कोण, हे सगळं नोंदलेलं असल्याने माणसं तिच्यापुढे थबकतात.

आपल्याकडे ढाली, चषक आणि संघांचे फोटो राहिले ते जिमखान्यांच्या भिंतींवर. पुण्याचा पीवायसी हिंदू जिमखाना १९०० सालचा, मुंबईचा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया १९३३ चा. म्हणजे ठेवा होता, पण तो सभासदांचा. सहकारनगरच्या संग्रहालयाने दार सामान्य प्रेक्षकाला उघडलं, हे त्याचं पहिलं श्रेय. वेळही चांगली साधली गेली. त्याच २०१२ साली पुण्याजवळ गहुंज्याचं स्टेडियम सुरू झालं आणि मोठे खेळाडू पुण्याला वरचेवर येऊ लागले. विश्वविजेत्या संघांच्या सह्यांच्या बॅटी, सचिन आणि विराट कोहली यांच्यासाठी राखलेले भाग, चेंडू, टोप्या, जर्सी असा पसारा वाढत गेला.

सह्यांची बॅट पाहून कोणीही हरखतो. माझं मन मात्र वापरलेल्या वस्तूत जास्त रमतं: पात्यावरचे चेंडूचे लाल वण, घामाने काळवंडलेली ग्रिप. सही कोऱ्या बॅटवरही मिळते. आणि सहीत फसवणूकही फार. छापील सही भिंगाखाली धरली की बारीक ठिपके दिसतात. पेनाची शाई अशी ठिपक्यांत फुटत नाही. अकरा सह्यांत सारखाच दाब, सारखंच वळण दिसलं की समजावं, हात एकाचाच आहे.

जुन्या पोस्टकार्डांचं तसं नाही. तिथे कार्डाची पाठच बोलते. ब्रायटनच्या ई. हॉकिन्स आणि कंपनीने ससेक्सच्या खेळाडूंचे फोटो काढले, त्यांत रणजितसिंहजीही आहेत. त्यांच्या काळातलं असं एखादं ब्रिटिश कार्ड हाती आलं तर आधी उलटून पाहावं. पाठीवर फक्त पत्त्याला जागा असेल आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला असेल, तर कार्ड बहुधा १९०२ च्या आधीचं. मधोमध रेघ मारून पाठीचे दोन भाग केलेले असतील, तर नंतरचं. टपालाचा शिक्का वाचता आला तर मग दुसरं काही नको. भारतात सरकारी पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला पाव आण्यात सुरू झालं. पण आपल्या घरांत ती कार्डं तारेला टोचून ठेवायची पद्धत, त्यामुळे भोकाशिवायचं कार्ड दिसलं की जमवणाऱ्याचा चेहरा खुलतो.

किंमत कशी चढते पाहा. जानेवारी २०२० मध्ये शेन वॉर्नने ऑस्ट्रेलियातल्या वणवाग्रस्तांसाठी आपली कसोटीची टोपी लिलावात काढली, ती दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. इकडे कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं. कराडजवळ गोळेश्वरला त्यांच्या घराचं नाव ‘ऑलिम्पिक निवास’. त्यांच्या नावाने कुस्ती अकादमी व्हावी म्हणून २०१७ साली कुटुंबाने तेच पदक लिलावात काढायची तयारी दाखवली. एका लिलावाचं कौतुक वाटतं, दुसऱ्याच्या नुसत्या तयारीची लाज.

ऑगस्ट २०२५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या शरद पवार क्रिकेट संग्रहालयाचं उद्घाटन झालं. संघटनेला जाग यायला पुण्यातल्या एका हौशी माणसाच्या मागून तेरा वर्षं लागली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आता आमच्या वसई-विरारकडे वळतो. इथलं पोरगं किटबॅग खांद्यावर टाकून लोकलमध्ये घुसतं. विरारच्या पृथ्वी शॉने नोव्हेंबर २०१३ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात ५४६ धावा केल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. २०१८ साली राजकोटला पदार्पणाच्या कसोटीत १३४. तालुका कला-क्रीडा महोत्सव डिसेंबरअखेर वसईचं चिमाजी आप्पा मैदान गाजवतो, महापौर मॅरेथॉन २०११ पासून धावते. यातून प्रमाणपत्रं, पदकं, छातीवरचे क्रमांक असं बरंच काही घरोघर साठतं, आणि आमच्या खाऱ्या, दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

जपायला फार खर्चही नाही. लॅमिनेशन मात्र अजिबात नको. चिकटलेलं प्लास्टिक नंतर निघत नाही, कागदच फाटतो. आम्लरहित कागदाचं पाकीट, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि खिडकीपासून लांबचं कपाट. उन्हाने सही सर्वांत आधी उडते. कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावं: कोणाचं, कुठल्या स्पर्धेतलं, कोणत्या साली, कोणाकडून मिळालं. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो.